गंधारची बॉडी

मंगळवारी सकाळी साडेअकराला अनंत वैशंपायनांच्या फोनवर मेसेज आला. ते तेव्हा सदाशिव पेठेतल्या आपल्या दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत उभे होते. समोरच्या क्लासला येणारी मुलं स्कूटर किती वेड्यावाकड्या लावतात, ते बघत होते. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती आणि दिवसातला बराच वेळ ते हेच काम करत. पत्नी सुनीती सकाळीच बहिणीकडे कोथरूडला गेली होती. दुपारी येणार होती.

नंबर ओळखीचा नव्हता. नावाच्या जागी फक्त ‘माऊली, लोणी काळभोर’.

‘नमस्कार काका. गंधार सरांची बॉडी लोणीत आमच्याकडे आहे. सरांचा फोन लागत नाही. आज सहाच्या आत कोणीतरी येऊन घेऊन जा. उद्या आमचं बंद आहे.’

अनंतरावांनी तो वाचला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला, परत लावला आणि पुन्हा वाचला. अक्षरं तीच होती.

महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीत त्यांची एकतीस वर्षं गेली होती. खिडकीपलीकडची माणसं म्हणायची, बॉडी अजून दवाखान्यातच आहे, स्मशानाचा पास लवकर द्या. कालपर्यंत ज्यांना ती नाना किंवा वहिनी म्हणत असतील, त्यांना सकाळी बॉडी म्हणायची. सुरुवातीला अनंतरावांच्या अंगावर काटा यायचा. पुढे ते स्वतःच विचारू लागले, “बॉडी कुठे आहे? घरी की हॉस्पिटलला?” त्या शब्दाला आणखी काही अर्थ असेल, असं त्या घटकेला त्यांच्या मनातही आलं नाही.

त्यांनी गंधारला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. मग माऊलीला लावला. रिंग पूर्ण वाजली, कुणी उचलला नाही. दुसऱ्या वेळी मध्येच कट झाला. माऊली म्हणजे काय असेल? रुग्णवाहिका असेल, नाहीतर छोटं खासगी हॉस्पिटल. लोणीच्या बाजूला निम्म्या दुकानांचं नाव हेच असतं.

गंधार त्यांचा एकुलता एक मुलगा. एकतीस वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी हिंजवडीची नोकरी सोडून त्याने लग्नांचे फोटो काढायला सुरुवात केली, तेव्हा अनंतराव जेवणाच्या ताटावरून म्हणाले होते, “लोकांच्या पंगतीतून कॅमेरा घेऊन फिरायला इंजिनिअर झालास का?”  महिन्याभरात त्याने येरवड्याला खोली घेतली. तेव्हापासून तो आईला फोन करायचा, सणाला जेवायला यायचा आणि वडिलांशी हवापाण्यावर बोलून जायचा. अनंतरावांनी त्याची खोली पाहिली नव्हती. पत्ताही त्यांच्याकडे नव्हता. सुनीतीकडे होता.

सुनीतीला फोन करावा म्हणून त्यांनी नंबर काढला आणि थांबले. खात्री नसताना काय सांगायचं? आधी जाऊन बघावं. त्यांनी पाकीट घेतलं, पेन घेतलं, कपाटातून गंधारच्या आधार कार्डाची झेरॉक्स शोधून काढली. ती शोधताना आपण नेमकं काय करतोय हे त्यांच्या लक्षात आलं. तरी त्यांनी ती घडी करून खिशात घातली.

जिन्यात बद्रीनाथ कुलकर्णी भेटले. सोसायटीचे सेक्रेटरी.

“वैशंपायन, बरं झालं भेटलात. रविवारी नवी बॉडी निवडायचीय. जुन्या बॉडीला आता कोणी हात लावायला तयार नाही.”

“कोणाच्या?” अनंतरावांनी विचारलं.

“सोसायटीच्या, हो. झोपेत आहात का?”

अनंतराव तसेच खाली उतरले. मागून बद्रीनाथ जिन्यातल्या भिंतीला उद्देशून म्हणाले, “माणसाला हो-नाही म्हणायचेसुद्धा कष्ट.”

कोपऱ्यावर रिक्षा उभी होती. चालक पन्नाशीचा, रंगराव नावाचा, मूळचा थेऊरकडचा. लोणी म्हटल्यावर त्याने आढेवेढे घेतले नाहीत, त्या बाजूलाच घर होतं त्याचं. एप्रिलचं ऊन रस्त्यावर पांढरं पडलं होतं. स्वारगेटला सिग्नलला थांबले, पूलगेटला थांबले. प्रत्येक सिग्नलला अनंतराव फोन लावत. गंधारचा बंद. माऊलीचा वाजून थांबणारा. मग ते फोन मांडीवर उलटा ठेवत आणि लगेच सुलटा करून बघत. एकदा त्यांनी रिक्षातून उतरायला पाय बाहेर काढला आणि परत आत घेतला. उतरून कुठे जायचं होतं, तेही त्यांना सांगता आलं नसतं.

रामटेकडीच्या पुढे रिक्षा खड्ड्यात आपटली आणि मागे काहीतरी खडखडलं.

“घाबरू नका,” रंगराव म्हणाला. “इंजिनाला काही झालेलं नाही हिच्या. बॉडीच गेलीय. आणि एकदा बॉडी गेली की साहेब, लोकं म्हणत्यात…”

“गप्प बसता का जरा?”

रंगरावाने आरशातून पाहिलं. आपण किती जोरात बोललो ते अनंतरावांना त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, “मुलाचं काहीतरी कळलंय. लोणीतून निरोप आला.”

“काय कळलंय?”

अनंतरावांनी पुन्हा फोन लावायला घेतला.  रंगरावाने हडपसरचा पूल, मांजरी फाटा, सगळं इतक्या घाईने मागे टाकलं की एरवी अनंतरावांनी त्याला चार शब्द सुनावले असते. सोलापूर रस्त्याच्या कडेला ट्रकचे सांगाडे उभे होते. त्यांच्यावर फळ्या ठोकणारी माणसं, वेल्डिंगच्या ठिणग्या, आणि वर मोठ्या अक्षरांत पाटी: ट्रक बॉडी बिल्डर्स. अनंतरावांनी नजर दुसऱ्या बाजूला फिरवली.

त्यांना रडू येत नव्हतं. त्यांचं डोकं भलतंच काम करत होतं. मृत्यूच्या नोंदणीचा अर्ज डोळ्यांपुढे आला होता आणि ते रकाने भरत चालले होते. मृताचे नाव. लिंग. वय. आईचे नाव. कायमचा पत्ता. व्यवसाय. तिथे ते अडकले. हजारो माणसांचे व्यवसाय त्यांनी त्या रकान्यात लिहिले होते. नोकरी, शेती, गृहिणी, निवृत्त. इथे काय लिहायचं? दोन वर्षांत कुणी विचारलं, तर ते सांगत आले होते, “आयटीत आहे.” खोटं लिहिता येणार नव्हतं. आणि खरं काय लिहायचं, तेही त्यांना नीट माहीत नव्हतं. तो नुसते फोटो काढायचा की व्हिडिओसुद्धा? त्याच्या धंद्याला काही नाव होतं का? सुनीतीला ठाऊक असणार.

लोणीत चौकातच पोलीस चौकी होती. माऊली कुठे आहे ते विचारायला अनंतराव आत गेले. आतल्या हवालदाराने त्यांचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. “हायवेवरच्या बॉडीसाठी आलाय का?”

अनंतरावांनी टेबलाची कड धरली.

“रात्री ट्रकनं मोटारसायकल उडवलीय. पोरगं जागेवर गेलं. खिशात पाकीट नव्हतं, मोबाईलचा चुरा झालाय. गाडीच्या नंबरावरून शोधतोय, ती तिसऱ्याच्याच नावावर निघाली. बॉडी सरकारी दवाखान्यात ठेवलीय. तुमचा मुलगा केवढा?”

“एकतीस.”

“दाढी?”

“आहे.”

हवालदाराने पेन खाली ठेवलं. “जाऊन बघून घ्या. मी फोन करतो तिकडं.”

दवाखाना मागच्या रस्त्याला होता. रंगराव त्यांच्याबरोबर आत आला, पण शवागाराच्या व्हरांड्यात थांबला. तिथला कर्मचारी भैरू, दणकट आणि बुटका, किल्ल्यांचा जुडगा घेऊन आला. त्याने अनंतरावांना आधी बाकड्यावर बसवलं आणि पाण्याचा ग्लास हातात दिला.

“दम घ्या. घाई करू नका. मी फक्त तोंड दाखवतो. नसंल तर नाय म्हणा, असंल तर मान हलवा. बोलायचं काय काम नाय.”

आत गार होतं आणि औषधाचा उग्र वास होता. भैरूने कापड छातीपर्यंत खाली घेतलं.

अनंतराव बघत राहिले. कपाळ फुटलं होतं, पण चेहरा शाबूत होता. दाढी होती. उजव्या भुवईत जुन्या जखमेची रेघ होती. रुंद खांदे, कमावलेली मान. गंधार नव्हता. हा कोणीतरी वेगळाच मुलगा होता. गंधारचे खांदे असे नव्हतेच कधी.

“पोरानं बॉडी काय कमावली होती बगा,” भैरू हळू आवाजात म्हणाला. “रोज जिमला जात असणार. तुमचा हाय का?”

“नाही.”

“नक्की?”

“नाही. नाही. माझा नाही.”

ते बाहेर आले आणि बाकड्यावर बसले. त्यांना इतका आनंद झाला की तो लपवायला त्यांनी तोंडावर हात धरला. मग त्यांना भूक लागली. सकाळच्या पोह्यांनंतर काही खाल्लं नव्हतं आणि एकदम, लाज वाटावी अशी, सपाटून भूक लागली. पाच-सात पावलांवर दाराआड तो मुलगा पडला होता आणि इथे आपल्याला वडापाव आठवतोय, हे त्यांना कळत होतं.

पण मग गंधार कुठे होता? मेसेज खोटा नव्हता. हा नाही, तर आणखी कुठेतरी… ते पुन्हा उठून उभे राहिले, आणि तेवढ्यात फोन वाजला.

“काका, माऊली बोलतोय, लोणीतून. फोटो स्टुडिओ. तुमचे बरेच फोन येऊन गेलेत, मी बारशाच्या शूटला होतो, आवाज बंद होता. बॉडी न्यायला येताय ना?”

“कोणाची?”

“गंधार सरांची. परवा-काल लग्न होतं ना इथं, सर माझ्याकडनं लाईट भाड्यानं घेतात. जाताना लेन्सा नेल्या, एक बॉडी टेबलावरच राहिली. महाग हाय, म्हणून म्हटलं दुकानात ठेवायला नको. फॉर्मवर दुसरा नंबर तुमचा लिहिलाय त्यांनी.”



“कॅमेऱ्याची बॉडी,” ते म्हणाले.

“हो. मग? काका, तुम्ही कुठं आहात?”

“सरकारी दवाखान्यात.”

“बरं नाही का तुम्हाला?”

“गंधारला तुम्ही शेवटचं कधी पाहिलं?”

“पहाटे चारला निघाले ते. घरी पोचल्याचा मेसेज आला मला. दोन रात्री जागलेत, झोपले असतील फोन बंद करून.”

अनंतरावांनी फोन खिशात ठेवला. रंगरावाने विचारलं, “काय झालं?” त्यांनी सांगितलं.  रंगराव हसला नाही. “देवानं बघितलं,” एवढंच म्हणाला, आणि मग, “चला, मग निघू.”

ते निघालेच होते. पायऱ्यांपर्यंत आले, तर खाली एक मुलगी उभी होती. तेवीस-चोवीस वर्षांची असेल. कुठल्याशा कंपनीचा निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, डोक्याला ओढणी गुंडाळलेली. ती आत येत नव्हती आणि जातही नव्हती. अनंतरावांना पाहून ती दोन पायऱ्या वर आली.

“काका, इथं… रात्रीची बॉडी आणली म्हणे इथं?”

“तुमचं कोणी आहे का?”

“नाही. म्हणजे माहीत नाही. माझा भाऊ रात्री घरी नाही आला. सेकंड शिफ्ट होती त्याची. मित्राची गाडी घेऊन गेला होता. असेल कुठं तरी मित्राकडं, पण कंपनीत सगळे म्हणतात, एकदा बघून ये.” ती भरभर बोलत होती. “तुम्ही बघितली का? कशी आहे? म्हणजे माणूस कसा आहे? माझ्या भावाच्या इथं भुवईवर खूण आहे. लहानपणी विहिरीच्या कठड्यावरून पडला होता.”

तिने बोट आपल्या उजव्या भुवईवर ठेवलं.

अनंतरावांना उत्तर माहीत होतं. ते तिच्या बोटाकडे बघत राहिले. एकतीस वर्षं माणसं त्यांच्या खिडकीशी सगळं कळून झाल्यावरच यायची. कळण्याच्या अलीकडे उभं असलेलं माणूस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

“नाव काय तुझं?” त्यांनी विचारलं.

“भाग्यश्री.”

“बरोबर कोणी आहे?”

“नाही. मैत्रीण येते म्हणाली, सुट्टी मिळाली तर.”

“चल. मी येतो आत तुझ्याबरोबर.”

ती जागची हलली नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. मग तिचा हात भुवईवरून खाली आला आणि तिने जिन्याचा कठडा धरला. “काका, तुम्ही ‘नाही’ का नाही म्हणालात?” ती म्हणाली.

भैरूने पुन्हा कुलूप काढलं. आत गेल्यावर भाग्यश्री रडली नाही. तिने भावाच्या दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाली, “आनंद, ऊठ ना रे.” मग एकदम खाली बसली. रंगरावाने आणि अनंतरावांनी तिला धरून बाहेर आणलं.

यवतमाळकडची होती दोघं. दारव्ह्याजवळ गाव. वडील महिपती शाळेत शिपाई, आई इंदुबाई. आनंद तीन वर्षांपूर्वी इकडे आला होता, मागून त्याने बहिणीला आणलं. दोघं एका खोलीत राहायची. हे सगळं ती तुकड्यातुकड्याने सांगत होती, मध्येच थांबत होती आणि विचारत होती, “आता काय करायचं?”

आता काय करायचं, हे अनंतरावांना तोंडपाठ होतं. त्यांनी खिशातून पेन काढलं. आधी हवालदाराला बोलावून घेतलं. ओळख पटल्याचा जबाब होईल, पंचनामा आहेच, मग शवविच्छेदन, मग ताबा. प्रत्येक कागदावरचं नाव त्यांनी स्वतः वाचून घेतलं. एका जागी ‘महिपत’ लिहिलेलं त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त करायला लावलं.

“एका अक्षरानं काय होतंय?” हवालदार म्हणाला.

“सहा महिन्यांनी ह्यांच्या वडिलांना त्या एका अक्षरासाठी गावाकडून इथे यावं लागतं. मी पाठवलेत असे लोक परत. मला माहीत आहे काय होतं ते.”

हवालदाराने खाडाखोड करून सही केली.

गावाला कळवायचं होतं. भाग्यश्रीने नंबर लावला आणि पलीकडून “बोल वं” ऐकू आल्याबरोबर फोन अनंतरावांच्या हातात दिला.

“नमस्कार. मी पुण्याहून अनंत वैशंपायन बोलतोय.”

“हाव जी. कोण पाहिजे तुमाले?”

“आपण महिपतीराव का? आपल्याजवळ कोणी आहे का आत्ता?”

“हे आहे ना, आनंदची माय. काहून जी? पोरगं बरं आहे ना आमचं?”

अनंतराव डोळे मिटून उभे होते. दोन तासांपूर्वी हाच प्रश्न घेऊन ते रिक्षात बसले होते आणि त्यांना कुणी उत्तर दिलं नव्हतं.

“रात्री अपघात झाला, महिपतीराव. आनंद गेला. भाग्यश्री माझ्याजवळ आहे. ती एकटी नाही.”

 पलीकडे लांबून एका बाईने विचारलं, “कोण आहे, काय म्हणते?” आणि महिपतीने तिला काय सांगितलं, ते ऐकू आलं नाही.

तीन वाजून गेले होते. भाग्यश्रीच्या कंपनीतून दोघी जणी आल्या, आनंदच्या कंपनीतला सुपरवायझर आला. गाडीची व्यवस्था त्यांनी बघितली. हवालदार वहीत बघून म्हणाला, “बॉडी कुठं न्यायचीय? पत्ता सांगा.” भाग्यश्री नुसती बघत राहिली. तिला शब्द पोहोचतच नव्हता.

“आनंदला गावी न्यायचंय,” अनंतराव म्हणाले. “लिहा. दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ.”

ते तिच्या शेजारी बसून दाखल्याचा अर्ज कसा करायचा, ते कागदावर लिहून देत होते, तेव्हा व्हरांड्याच्या टोकाकडून कुणीतरी धावत आलं. चपलांचा आवाज, आणि मग आरोळी, “बाबा!”

गंधार होता. केस विस्कटलेले, टी-शर्ट उलटा घातलेला.

“काय झालं तुम्हाला? कुठे लागलंय?”

“मला काही नाही झालेलं.”

“मग इथे काय करताय? मी उठलो तर तुमचे एकोणीस मिस्ड कॉल. दोन वर्षांत तुम्ही मला एकदा फोन केला नाहीत, आणि एकोणीस? तुम्हाला लावतोय तर सारखा बिझी. आईला केला, ती म्हणते घरी आले तर कुलूप. ती रडतेय तिकडे. माऊलीला केला, तो म्हणतो काका सरकारी दवाखान्यात आहेत. मला वाटलं…” त्याला दम लागला होता. “काय वाटलं असेल मला? सांगा ना.”

अनंतराव उठले. त्यांनी मुलाचा दंड धरला, कोपराच्या वर, घट्ट. मेसेज दाखवावा म्हणून दुसऱ्या हाताने फोन काढला, पण दाखवला नाही. नंतर कधीतरी दाखवता आला असता. त्या क्षणी त्यांच्या मागे भाग्यश्री बसली होती.

“ही भाग्यश्री,” ते म्हणाले. “हिचा भाऊ गेला आज. ह्यांची गाडी निघेपर्यंत मी इथे आहे. तू आईला फोन कर आणि सांग, आम्ही दोघेही ठीक आहोत. दोघेही म्हण.”

गंधारने एकदा वडिलांकडे पाहिलं, एकदा त्या मुलीकडे, एकदा बंद दाराकडे. मग तो बाजूला जाऊन आईशी बोलला. परत आला, तेव्हा त्याच्या हातात पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटांचे पुडे होते. एक पुडा त्याने न विचारता रंगरावाला दिला. रंगराव अजून गेला नव्हता.

गाडी पाच वाजता निघाली. भाग्यश्री पुढे ड्रायव्हरशेजारी बसली, एक मैत्रीण तिच्याबरोबर गेली. निघताना ती अनंतरावांना वाकून नमस्कार करायला लागली, तेव्हा त्यांनी तिला मध्येच थांबवलं.  “कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव,” ते म्हणाले.

माऊलीकडून कॅमेरा घेऊन गंधारच्या स्कूटरवरून दोघं परत आले.  हडपसरला अनंतरावांनी विचारलं, “तुझ्या कामाला म्हणतात काय? लिहायचं झालं तर काय लिहायचं?” गंधारला वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही. त्याने “काय?” विचारलं, आणि अनंतराव म्हणाले, “काही नाही, पुढे बघून चालव.”

सुनीतीने दार उघडलं आणि दोघांना एकदमच बोलायला सुरुवात केली. “अहो, चिठ्ठी ठेवायला काय होतं? आणि तू रे, माणूस फोन चालू ठेवून झोपू शकत नाही?” मग तिने मेसेज वाचला आणि ती खुर्चीत बसली. गंधार हसायला लागला, कारण खरोखर हसण्यासारखंच होतं. सुनीतीही हसली. अनंतरावांना हसता आलं नाही. ते गॅलरीत गेले, आत आले, परत गॅलरीत गेले.

पुढचे काही दिवस त्यांचं असंच चाललं. सकाळी उठले की ते गंधारला फोन करत. “काही नाही, सहज.” गंधार तिसऱ्या दिवशी वैतागला, “बाबा, शूटवर असतो मी.” मग त्यांनी फोनची वेळ बदलली, पण फोन थांबवला नाही. लोणीला ते दोनदा बसने गेले. दाखल्यावर नाव बरोबर चढलंय का ते त्यांना स्वतः बघायचं होतं. दुसऱ्या वेळी खिडकीतली बाई म्हणाली, “काका, तुमचे कोण हे?” त्यांनी नुसता अर्ज पुढे सरकवला.

महिन्याभराने भाग्यश्री कामावर परत आली आणि दाखला घ्यायला एका रविवारी सदाशिव पेठेत आली. गंधारही त्या दिवशी जेवायला होता. सुनीतीने आमटी-भात वाढला. भाग्यश्रीने चार घास खाल्ले, मग पर्समधून एक फोन काढून ताटाशेजारी ठेवला.

“आनंदचं सिमकार्ड घातलंय ह्याच्यात,” ती म्हणाली. “अजून फोन येतात त्याला. मित्र, आयटीआयचे जुने, जिमवाले. कुणाकुणाला कळलेलंच नाही. चालू ठेवला की दर वेळी सांगावं लागतं. बंद करून बघितला एक दिवस, तर मलाच झोप येईना. काय करू?”

 सुनीतीने तिच्या ताटात आणखी आमटी वाढली.

थोड्या वेळाने तो फोन खरोखरच वाजला. पडद्यावर नाव होतं, फक्त ‘विकी’. भाग्यश्रीचा घास हातातच राहिला. फोन ताटाला लागून थरथरत होता. अनंतरावांनी डावा हात पुढे केला. तिने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि फोन त्यांच्याकडे सरकवला.

“हॅलो.”

“आन्या, कुठं मेलास रे, किती दिवस झाले…”

“मी अनंत वैशंपायन बोलतोय, विकी. पुण्यातून. तू बसलेला आहेस का? नसलास तर बस जरा,” ते म्हणाले, आणि उठून गॅलरीत गेले.

तीन-चार मिनिटं त्यांचा आवाज आत ऐकू येत होता. शब्द कळत नव्हते. मध्ये मध्ये ते गप्प होत आणि पलीकडच्याला बोलू देत. परत आले, तेव्हा त्यांनी फोन भाग्यश्रीच्या हातात दिला आणि आपल्या पाटावर बसले.

“दुसऱ्या कोणाचा आला तर मला दे,” ते म्हणाले. “जेव आता. गार झालाय भात.”